लिंक अप दिसते, पण पिंग जात नाही: फाय-मोड आणि हरवलेले दोन नॅनोसेकंद

लायटी लागलेल्या असतात. कर्नलच्या लॉगमध्ये लिंक अप, १ जीबीपीएस, फुल डुप्लेक्स असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आणि पिंग मारला की एकही उत्तर येत नाही. केबल बदलून होते, स्विचचा पोर्ट बदलून होतो, आयपी तीनदा तपासून होतो, कुणीतरी फायरवॉलवर संशय घेऊन मोकळं होतं. नवा बोर्ड टेबलावर आला की हा प्रसंग ठरलेला. वर्षभर नीट चाललेला बोर्ड नव्या कर्नलवर नेला की पुन्हा तोच, आणि तेव्हा जास्त चीड येते, कारण काल तर चालत होतं!

मी पुण्यात एम्बेडेड लिनक्सचं काम करतो. हा घोळ इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदा सविस्तर लिहून ठेवतो. इथे सगळी नावं देवनागरीत लिहितोय. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर काय कसं जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या) फाइलीत ती अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत, मधे आडवी रेघ देऊन जातात. दुखणं बहुतेक वेळा एकाच ओळीत असतं: इथरनेटच्या नोडमधली फाय-मोडची ओळ.

लिंक अप म्हणजे नेमकं काय

प्रोसेसरच्या आत मॅक असतो, म्हणजे पॅकेट बांधणारा-सोडवणारा भाग. बाहेर फायची वेगळी चिप, ती केबलवरचे सिग्नल सांभाळते. दोघांमध्ये तारांचे दोन संच. पहिला एमडीआयओचा: फक्त दोन तारा, एक क्लॉक आणि एक डेटा, त्यावरून कर्नल फायची रजिस्टरं वाचतो-लिहितो. दुसरा संच प्रत्यक्ष पॅकेट वाहून नेणारा. आरजीएमआयआय, म्हणजे गिगाबिटची नेहमीची जोडणी, असेल तर त्यात १२ तारा: जाणाऱ्या डेटाच्या चार, येणाऱ्या डेटाच्या चार, दोन्ही बाजूंना एकेक कंट्रोल आणि एकेक क्लॉक.

लिंक अप ही बातमी फाय देतो, तीही पहिल्या संचावरून. तांब्याच्या केबलपलीकडच्या चिपशी माझं जमलं, अमुक वेग ठरला, एवढंच तो सांगतो. गावाच्या वेशीपर्यंत रस्ता डांबरी आहे हे त्यातून कळतं. वेशीपासून घरापर्यंतच्या बोळाचं काहीच कळत नाही. त्या १२ तारांपैकी एकही तार नीट जोडलेली नसली तरी लिंक अप येते. त्यामुळे 'लिंक तर येतेय, म्हणजे हार्डवेअर ठीक आहे' हे वाक्य कुणी म्हणालं की मी आता वाद घालत नाही, सरळ पॅकेट आणि एररचे काउंटर उघडतो.

दोन नॅनोसेकंदांचा हिशोब

गिगाबिटवर आरजीएमआयआयचा क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा. चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर चार-चार बिट जातात. १२५ गुणिले २ गुणिले ४, झाले १००० मेगाबिट. क्लॉकचा एक फेरा ८ नॅनोसेकंदांचा, म्हणजे प्रत्येक चार बिटांना राहायला मिळतात जेमतेम ४ नॅनोसेकंद.

पाठवणारा डेटा आणि क्लॉक एकाच क्षणी बदलतो. म्हणजे क्लॉकची कड जिथे, तिथेच डेटाही बदलत असतो. घेणाऱ्यानं त्या कडेवर डेटा वाचायला घेतला तर त्याला धड जुना मिळत नाही, धड नवा. म्हणून क्लॉक थोडा मागे सारायचा, साधारण दीड ते दोन नॅनोसेकंद, म्हणजे त्याची कड डेटाच्या मधोमध येते. सगळा खेळ एवढाच.

हा उशीर कुणी करायचा, इथून भांडण सुरू होतं. २०००च्या डिसेंबरात आलेल्या १.३ आवृत्तीत तो बोर्डावरच्या तारेनं करायचा होता: क्लॉकची रेघ मुद्दाम नागमोडी, लांब काढायची. साध्या एफआर-४ बोर्डावर सिग्नल इंचाला साधारण १७० पिकोसेकंद घेतो, म्हणजे दोन नॅनोसेकंदांसाठी जवळजवळ फूटभर रेघ, तीही दोन्ही दिशांना. लेआउट करणाऱ्याला हे सांगून बघा, तो खुर्चीतून उठून जाईल. म्हणून २००२च्या २.० आवृत्तीत चिपच्या आतच उशीर करायची सोय आली. तेव्हापासून तीन उमेदवार आहेत: मॅक, फाय आणि बोर्डाची तार. प्रत्येक दिशेला यांपैकी एकानंच, आणि एकानं तरी, उशीर करायला हवा.

घरात आमटीत मीठ कुणी घालायचं हे ठरलेलं नसलं की कधी ते पडतच नाही, कधी दोनदा पडतं. फरक असा की आमटीत कमी पडलं की जास्त, हे जिभेला लगेच कळतं. इथे दोन्हीची चव एकच. उशीर शून्य असला तर कड डेटाच्या सीमेवर. मॅक आणि फाय दोघांनी दोन-दोन केला तर ४ नॅनोसेकंद, म्हणजे कड पुढच्या सीमेवर. लक्षणं तंतोतंत सारखी. म्हणूनच 'उशीर वाढवून बघ जरा' हा सल्ला अर्ध्या वेळा उलटा पडतो.

चार नावं

लिनक्समध्ये फाय-मोडच्या ओळीत याची चार रूपं लिहिता येतात. नुसतं आरजीएमआयआय म्हणजे फायनं काहीही उशीर करू नये. आरजीएमआयआय-आयडी म्हणजे फायनं दोन्ही दिशांना करावा. आरजीएमआयआय-टीएक्सआयडी म्हणजे फक्त जाणाऱ्या बाजूला, आरएक्सआयडी म्हणजे फक्त येणाऱ्या. यातलं टीएक्स आणि आरएक्स मॅकच्या नजरेनं आहे. फायच्या डेटाशीटमध्येही बहुधा तीच रीत असते, पण सगळ्या डेटाशीट आज्ञाधारक नसतात, तेव्हा पिनचं चित्र बघून खात्री करा.

नुसत्या आरजीएमआयआयनं भलभले फसतात. नाव साधं, त्यामुळे ते 'डीफॉल्ट' वाटतं, आणि स्कीमॅटिकवरही तेवढंच लिहिलेलं असतं. खरं तर ते सर्वांत कडक विधान आहे: या बोर्डाच्या तारांमध्येच उशीर आहे, फायनं हात लावू नये. असे बोर्ड फार थोडे. आजच्या बहुतेक बोर्डांना आयडी हेच बरोबर, कारण फूटभर नागमोडी रेघ कुणी काढलेली नसते. कर्नलच्या इथरनेट कंट्रोलरच्या बाइंडिंगमध्ये २०२५ साली याचा खुलासाच घातला गेला: फाय-मोडनं बोर्ड कसा आहे ते सांगायचं, ड्रायव्हरनं काय करावं ते नाही. तारांत उशीर नसेल तर आयडी लिहा. मग तो मॅकनं करायचा की फायनं, हे मॅकचा ड्रायव्हर ठरवेल. रिवाज असा की फायनं करावा.

कोणती दिशा बिघडली आहे

चारही नावं आलटून पालटून लावायची आणि जे चाललं ते ठेवायचं, ही पद्धत मीही वापरली आहे. तिचं काय होतं ते पुढे सांगतो. आधी नीट तपास.

लॅपटॉप थेट बोर्डाला जोडा. मधे स्विच ठेवू नका. कारण साधं आहे: स्विच पूर्ण पॅकेट घेऊन, सीआरसी (पॅकेटच्या शेवटचा चूक पकडणारा आकडा) तपासून मग पुढे पाठवतो, सडलेलं पॅकेट तो गपचूप टाकून देतो आणि तुम्हाला वाटतं बोर्डानं काही पाठवलंच नाही.

लॅपटॉपवर टीसीपीडम्प (आलेली-गेलेली पॅकेट दाखवणारं साधन) चालू करा आणि बोर्डावरून लॅपटॉपला पिंग मारा. लॅपटॉपवर बोर्डाची एआरपी विचारणा ('हा आयपी कुणाचा?') दिसली, तर जाणारी बाजू ठीक. लॅपटॉप उत्तरही देतोय, पण बोर्ड पुन्हा पुन्हा तीच विचारणा करतोय? मग येणारी बाजू बिघडली आहे. खात्रीसाठी बोर्डावर एथटूल या कमांडला मोठ्या एसचा पर्याय देऊन काउंटर बघा. सीआरसी किंवा एफसीएस एररचा आकडा प्रत्येक पिंगमागे वाढत असेल, तर पॅकेट फायपर्यंत नीट आलं आणि त्या शेवटच्या दोन इंचांत मेलं.

उलट, लॅपटॉपवर काहीच दिसत नसेल तर लॅपटॉपचेच काउंटर बघा. जाणाऱ्या बाजूचा उशीर चुकला असेल तर फाय चुकीचे बिट उचलतो आणि तसंच पॅकेट केबलवर सोडतो. टीसीपीडम्पला ते दिसत नाही, पण लॅपटॉपच्या कार्डानं त्याचा सीआरसी एरर मोजलेला असतो. हे मला फार उशिरा सुचलं. त्याआधी दोन दिवस मी डीएमएच्या (मेमरीत पॅकेट नेणाऱ्या-आणणाऱ्या यंत्रणेच्या) डिस्क्रिप्टरमध्ये डोकं घालून बसलो होतो.

काउंटर दोन्हीकडे अगदी शून्यच असेल, तर मात्र प्रश्न उशीराचा नाही. मग क्लॉक येतोय का, पिन-मक्स (कोणत्या पिनला कोणतं काम) बरोबर आहे का, मॅकचा मोड निवडणारं रजिस्टर लिहिलंय का, हे बघायचं.

दुसरी चाचणी वेगाची. लिंक १०० मेगाबिटवर आणा. तिथे क्लॉक २५ मेगाहर्ट्झचा होतो, फेरा ४० नॅनोसेकंदांचा, त्यामुळे दोन नॅनोसेकंदांची चूक बऱ्याचदा पचून जाते. १०० वर पिंग जातो आणि १००० वर जात नाही, तर संशय उशीरावर पक्का. नेहमीच पचते असं नाही, म्हणून १०० वरही गेला नाही तर घाईनं निष्कर्ष काढू नका. आणि वेग उतरवताना ऑटोनेगोसिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) बंद करू नका. फक्त १०० फुल डुप्लेक्स एवढंच जाहीर करायला सांगा. ऑटोनेगोसिएशन बंद केलं की समोरचा हाफ डुप्लेक्सवर जातो आणि मग भलतेच एरर मागे लागतात.

मोड बदलला तरी काहीच बदलत नाही

चारही पर्याय लावले, चारही वेळा तेच रडगाणं. हा प्रकार दिसला की मी सगळ्यात आधी लॉगमध्ये फायच्या ड्रायव्हरचं नाव शोधतो. तिथे 'जेनेरिक फाय' असं असेल तर शोध संपला. जेनेरिक ड्रायव्हरला प्रमाणित रजिस्टरं तेवढी कळतात. उशीराचं रजिस्टर प्रत्येक कंपनीचं वेगळं, कुठल्या तरी आतल्या पानावर दडवलेलं. जेनेरिकला त्याचा पत्ताच नसतो. तुम्ही डिव्हाइस ट्रीत काहीही लिहा, तो वाचून सोडून देतो आणि चिप आपल्या स्ट्रॅपिंगवर, म्हणजे पिनवरच्या रेझिस्टरांनी रीसेटच्या वेळी ठरलेल्या सेटिंगवर, चालत राहते.

कारण बहुतेकदा कर्नलच्या कॉन्फिगमध्ये त्या फायचा ड्रायव्हर निवडलेलाच नसतो. किंवा निवडलेला असतो, पण मॉड्यूल म्हणून. आणि रूट फाइल सिस्टीम असते एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कपलीकडच्या मशीनवर. म्हणजे मॉड्यूल आणायला नेटवर्क हवं आणि नेटवर्कला मॉड्यूल. विहिरीत पडलेली दोरी काढायला दोरी शोधायची! ब्रिंग-अप (नवा बोर्ड पहिल्यांदा उभा करणं) चालू असेपर्यंत फायचा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून टाका.

सध्या लागू असलेला मोड बघायला सिस-एफएसमध्ये इंटरफेसच्या फोल्डरखाली फायडेव्ह नावाचं फोल्डर आहे, त्यात फाय-इंटरफेस नावाची फाइल. आपण लिहिलेलाच मोड तिथे दिसतोय ना, हे आधी बघा. मी एकदा अर्धा दिवस चुकीची डीटीबी फाइल (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली प्रत) कॉपी करत होतो. बूटलोडर दुसऱ्याच पार्टिशनमधली उचलत होता.

काल चालत होतं, आज नाही

आता तो चारही पर्याय लावून बघण्याचा किस्सा. आमचा एक गेटवे बोर्ड होता, चाकणच्या एका कारखान्यात मशीनशेजारी पेटीत बसलेला. ब्रिंग-अपच्या वेळी मी टीएक्सआयडी लावलं, पिंग गेला, वेग मोजणाऱ्या आयपर्फनं ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा दिला, आणि मी विषय मिटवला. टीएक्सआयडीच का, हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. कोड रिव्ह्यूतही कुणी विचारला नाही. वर्षभरानं सुरक्षेच्या पॅचेसाठी कर्नलची नवी एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती घेतली आणि टेबलावरचे सगळे बोर्ड मुके झाले. लिंक अप. पिंग नाही. सीआरसी एरर दर पिंगला एक.

सगळा दोष मी अर्थातच आधी नव्या कर्नलला दिला. मग स्कीमॅटिक उघडलं. फायच्या एका पिनवर पुल-अप रेझिस्टर होता, त्यामुळे रीसेटनंतर येणाऱ्या बाजूचा उशीर आपोआप चालू. जाणाऱ्या बाजूचा बंद. जुना फाय ड्रायव्हर मागितलेला उशीर चालू करायचा, पण न मागितलेला बंद करायच्या भानगडीत पडत नसे. मी टीएक्सआयडी मागितलं, त्यानं टीएक्स चालू केलं. आरएक्स पुल-अपनं आधीच चालू होतं. बोर्डाला दोन्ही हवे होते, दोन्ही मिळाले. नव्या ड्रायव्हरनं नुसतं सांगितल्याप्रमाणे वागायला सुरुवात केली: टीएक्स चालू, आरएक्स बंद. चूक माझीच होती, वर्षभर झाकलेली.

हे फक्त आमच्याकडे झालं असं नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स ईव्हीएम बोर्डावर एआर८०३१ हा फाय आहे, त्याचा आरएक्स उशीर मुळातच चालू असतो आणि टीएक्सचा बंद. त्याच्या डिव्हाइस ट्रीत टीएक्सआयडी लिहिलेलं होतं आणि छान चालत होतं. २०१९च्या सुरुवातीला एटी८०३एक्स ड्रायव्हर सुधारला, न मागितलेला उशीर तो बंद करू लागला, आणि बोर्डाचं इथरनेट गेलं. उपाय एका शब्दाचा: डिव्हाइस ट्रीत टीएक्सआयडीच्या जागी आयडी. २०२०च्या उत्तरार्धात हाच खेळ रिअलटेकच्या आरटीएल८२११ई वर झाला. ड्रायव्हरमधली उशीराची दुरुस्ती झाली आणि ऑलविनरच्या चिपवाले अनेक बोर्ड, पाइन६४ प्लस आणि ऑरेंज पाय पीसी२ धरून, बंद पडले. तिथे नुसतं आरजीएमआयआय लिहिलेलं होतं आणि खरा उशीर बोर्डावरच्या रेझिस्टरांनी चालू ठेवलेला होता. ऑरेंज पाय पीसी२ वर औषध तेच, आयडी. पाइन६४ प्लसवर मात्र टीएक्सआयडी.

म्हणजे कर्नल अपडेटनंतर हे दुखणं उठलं तर गिट बायसेक्ट करायच्या (जुन्या आवृत्त्या चाळून दोषी बदल शोधायच्या) आधी दोन गोष्टी शेजारी ठेवा: स्कीमॅटिकवरचे फायचे स्ट्रॅपिंग रेझिस्टर आणि डिव्हाइस ट्रीतली ती ओळ. दोघांचं विधान एकमेकांशी जुळत नसेल तर तुमचा बोर्ड आजवर नशिबावर चालला होता.

रजिस्टर प्रत्यक्ष वाचायचं असेल तर फायटूल कामाला येतं. एआर८०३१ मध्ये हेक्स १डी या पत्त्यावर डीबग रजिस्टरचा क्रमांक लिहायचा आणि १ई वरून मजकूर वाचायचा: डीबग रजिस्टर ० चा १५ वा बिट आरएक्सचा, रजिस्टर ५ चा ८ वा बिट टीएक्सचा. मार्व्हेलच्या ८८ई१५१० मध्ये पान २, रजिस्टर २१, बिट ५ आणि ४. तिथे आणखी एक खोच आहे, बिट लिहिल्यावर सॉफ्ट रीसेट दिल्याशिवाय बदल लागू होत नाही. मायक्रेलचा केएसझेड९०३१ तर वेगळंच प्रकरण: त्यात आरएक्स क्लॉकला मुळातच १.२ नॅनोसेकंदांचा उशीर असतो आणि बाकी सगळं प्रत्येक पिनवर ६० पिकोसेकंदांच्या पायऱ्यांनी पुढे-मागे करायचं. त्याच्या डिव्हाइस ट्रीत स्क्यूच्या (पिनागणिक उशीराच्या) ओळींची रांग दिसली तर घाबरू नका, पण दुसऱ्या बोर्डावरून डोळे मिटून उचलूही नका. ते आकडे त्या बोर्डाच्या रेघांच्या लांबीचे असतात.

यू-बूटमध्ये चालतं, लिनक्समध्ये नाही

यू-बूट म्हणजे लिनक्सच्या आधी चालणारा बूटलोडर. त्यात चालतं, लिनक्समध्ये नाही. किंवा उलट: रीबूट केल्यावर चालतं, वीज काढून लावली की नाही. किंवा सगळ्यात विनोदी प्रकार: यू-बूटमध्ये एकदा टीएफटीपी केलं (नेटवर्कवरून फाइल आणली) तरच पुढे लिनक्समध्ये नेटवर्क येतं.

तिन्हींचं मूळ एक. यू-बूट आपल्या ड्रायव्हरनं फायची रजिस्टरं लिहितो आणि लिनक्स ती तशीच वारशात घेतो. लिनक्सचा फाय ड्रायव्हर जेनेरिक असेल तर यू-बूटनं लावलेला उशीर चालू राहतो आणि आपल्याला वाटतं लिनक्समध्ये सगळं बरोबर आहे. मग कुणीतरी शहाणा डिव्हाइस ट्रीत फायची रीसेट जीपीआयओ (फायला रीसेट देणारी पिन) जोडतो, जे करायलाच हवं, आणि नेटवर्क जातं. रीसेटनं वारसा पुसला. दोष रीसेटला देऊ नका.

म्हणून चाचणी नेहमी वीज पूर्ण काढून, दहा सेकंद थांबून, यू-बूटमध्ये नेटवर्कला हातही न लावता करायची. मी यू-बूटच्या डिव्हाइस ट्रीत मुद्दाम तोच फाय-मोड ठेवतो, नाहीतर दोघांची दोन मतं होतात.

मॅकचा ड्रायव्हर तुम्हीच लिहीत असाल तर

इथे मला सर्वांत जास्त दिसलेली चूक म्हणजे मोडची तुलना फक्त नुसत्या आरजीएमआयआयशी करणं. बोर्डाच्या माणसानं इमानदारीनं आयडी लिहिलं की तो 'इफ' खोटा ठरतो, ड्रायव्हर मॅकला एमआयआयमध्ये टाकतो किंवा थेट अमान्य मोड म्हणून परत फिरतो. मग बोर्डाचा माणूस नुसतं आरजीएमआयआय लिहितो, कारण 'ड्रायव्हरला तेवढंच कळतं', आणि आपण आधी पाहिलेल्या सगळ्या गोंधळाचं बी पेरलं जातं. चारही रूपांना एकत्र होकार देणारं तयार फंक्शन कर्नलमध्ये आहे, फाय-इंटरफेस-मोड-इज-आरजीएमआयआय या नावाचं. तेच वापरा.

दुसरी चूक जुने ड्रायव्हर पोर्ट करताना येते. डिव्हाइस ट्रीतून मोड वाचणारं ओएफ-गेट-फाय-मोड हे फंक्शन पूर्वी मोडच परत द्यायचं आणि चूक झाली तर ऋण आकडा. लोक ते मोडच्या एनमच्या व्हेरिएबलमध्ये साठवायचे. तो एनम अनसाइन्ड धरला जाऊ शकतो, मग 'शून्यापेक्षा लहान' ही तपासणी कधीच खरी होत नाही आणि चूक मोड म्हणून पुढे जाते. ५.५ आवृत्तीपासून फंक्शन एरर वेगळा परत देतं आणि मोड पॉइंटरमधून. कंपायलर ओरडला की नुसता कास्ट करून गप्प बसवू नका.

तिसरं, मॅकला स्वतः उशीर करता येत असेल तर. काही मॅकमध्ये टीएक्सचा उशीर घडीव असतो, बंदच करता येत नाही. अशा वेळी डिव्हाइस ट्रीत आयडीच राहू द्या, कारण बोर्डात उशीर नाही हे खरंच आहे. पण फायला जोडताना ड्रायव्हरनं मोड बदलून आरएक्सआयडी द्यायचा. टीएक्सचं मीठ मी घातलं, तू फक्त आरएक्सचं घाल. हा निरोप दिला नाही की दोनदा पडतं.

आणि वेग बदलला की टीएक्स क्लॉकही बदलायचा: १००० ला १२५ मेगाहर्ट्झ, १०० ला २५, १० ला २.५. लिंक अपच्या कॉलबॅकमध्ये हे राहून गेलं तर उलटं लक्षण दिसतं, गिगाबिट पळतं आणि जुन्या १०० च्या स्विचवर सगळं ठप्प. टेबलावर सगळे गिगाबिटचेच स्विच असतात, त्यामुळे हे कळतं ग्राहकाकडे गेल्यावर.

आरएमआयआय आणि एसजीएमआयआयबद्दल थोडक्यात

आरएमआयआयमध्ये (१०० मेगाबिटपर्यंतची, कमी तारांची जोडणी) उशीराचा प्रश्न नाही, तिथे भांडण ५० मेगाहर्ट्झच्या संदर्भ क्लॉकचं. तो फाय देतो, प्रोसेसर देतो की वेगळा ऑसिलेटर, हे मोडच्या नावातून कळत नाही. वेगळं सांगावं लागतं. दोघेही देत असतील तर तारेवर कुस्ती, कुणीच देत नसेल तर मॅक जागाच होत नाही. एसटीएममॅक या मॅक ड्रायव्हरचा 'फेल्ड टू रीसेट द डीएमए' हा प्रसिद्ध एरर बहुतेक वेळा याचाच. डीएमएचं या एररशी देणंघेणं फारसं नसतं: त्या मॅकचं रीसेट पूर्ण व्हायला फायकडचा क्लॉक चालू लागतो, आणि तो नसला की रीसेटचा बिट खाली येतच नाही. शिवाय या कुटुंबात मोड निवडणारे सिग्नल रीसेटच्याच क्षणी वाचले जातात. मोडचं रजिस्टर रीसेटनंतर लिहिलंत तर वरातीमागून घोडं. आरजीएमआयआयवरही फाय झोपलेला असेल आणि त्यानं आरएक्स क्लॉक बंद केला असेल तर हाच एरर येतो.

एसजीएमआयआयमध्ये पॅकेट सिरीयल जोडीवरून जातात आणि वेगाची माहितीही त्याच जोडीवरून, डेटाच्या आतूनच (इन-बँड) येते. एक बाजू तिची वाट बघतेय आणि दुसरी पाठवतच नाही, असं झालं की फाय म्हणतो लिंक आहे आणि मॅक म्हणतो नाही. दोन्ही टोकांना इन-बँड एकसारखं चालू किंवा एकसारखं बंद करा. आणि एसजीएमआयआय व १०००बेस-एक्स यांचा वेग एकच, १.२५ गिगाबॉड, म्हणून ते एकच आहेत असं समजू नका. त्यांच्या इन-बँड शब्दातल्या बिटांचे अर्थ वेगळे आहेत.

आमच्या गेटवेचं पुढे

डिव्हाइस ट्रीत टीएक्सआयडीचं आयडी केलं आणि वर दोन ओळींची कॉमेंट टाकली: तारांत उशीर नाही, दोन्ही बाजूंचा फायनं करायचा, आरएक्सचा स्ट्रॅप चालू आहे. आयपर्फ दोन्ही दिशांना चालवला, १०, १०० आणि १००० तिन्ही वेगांवर, प्रत्येक वेळी वीज काढून लावून. सीआरसीचा आकडा शून्यावरून हलला नाही. नवी डीटीबी जुन्या कर्नलवरही लावून पाहिली, तिथेही ठीक, कारण जुना ड्रायव्हर मागितलेलं तर चालू करतोच.

मग कळलं की आमचं ओटीए (नेटवर्कवरून दुरून होणारं) अपडेट फक्त कर्नल आणि रूट फाइल सिस्टीम बदलतं. डीटीबी वेगळ्या पार्टिशनमध्ये, कारखान्यातून निघताना एकदा लिहिलेली, त्यानंतर तिला कुणी हात लावत नाही. म्हणजे चाकणच्या पेट्यांवर नवा कर्नल गेला असता तर तो जुनी ओळ वाचून मुका झाला असता, आणि मुक्या पेटीवर पुढचं अपडेट पाठवायला रस्ताच उरला नसता. पाठवायचं अपडेट तिथल्या तिथे थांबवलं. कर्नल आणि डीटीबी एकाच फिट इमेजमध्ये (यू-बूटला कळणाऱ्या एकत्रित फाइलीत) बांधले, यू-बूटला ती इमेज उचलायला लावली, जुन्या पार्टिशनचा पत्ता बूटस्क्रिप्टमधून काढून टाकला. पहिली पेटी मी स्वतः चाकणला जाऊन, सिरीयल केबल लावून अपडेट केली. बाकीच्या ओटीएनं गेल्या.